अडल्यावर दोन शब्द

आमच्या खरवईच्या सोसायटीत भाषण करताना कुणाला शब्द आठवला नाही म्हणून फजिती झाली, असं कधी घडलं नाही. मागच्या रांगेत मथुरेकाका बसलेले असायचे. सेक्रेटरी "आपल्या पाण्याच्या टाकीच्या..." म्हणून हवेत हात फिरवू लागले की मागून कुजबुज यायची, "साफसफाईबाबत." ओठ जेमतेम हलायचे. सेक्रेटरी तो शब्द उचलून पुढे जायचे आणि नंतर चहा पिताना आज आपण बरं बोललो असं सगळ्यांना सांगायचे. भाजीवाल्याशी घासाघीस करताना मथुरेकाकू अडल्या, तरी काका पिशवी धरून मागून मुद्दा पुरवायचे.

ही सवय अंबरनाथच्या कारखान्यातली. काका तिथे स्टोअरमध्ये होते आणि कारखान्याच्या नाटक मंडळींचे प्रॉम्प्टर. दरवर्षी कामगारांच्या नाट्यस्पर्धेत नाटक व्हायचं आणि काका विंगेत वही घेऊन उभे राहायचे. एकदा मुख्य नट ऐन वेळी तापाने आडवा झाला. अख्खं नाटक तोंडपाठ असलेला एकच माणूस होता. पण दिग्दर्शक म्हणाला, "मथुरे, तुमचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा नाही." दुसऱ्याच कुणाला तरी उभं केलं आणि काकांनी त्याला पहिल्या अंकापासून शेवटपर्यंत शब्द पुरवले. हे त्यांनी मला हसत सांगितलं होतं, पण तीनदा सांगितलं होतं.

मी आणि माझा मित्र हरेश मिळून तेव्हा एक व्हिडिओ गेम बनवत होतो. गेमचं नाव 'आड'. एक मुलगी हरवलेली बकरी शोधत जुन्या, खोल विहिरीच्या पायऱ्या उतरत जाते, एवढीच गोष्ट. तळाशी आडाचा राखणदार असतो. तो दिसत नाही, फक्त बोलतो आणि वाट सांगतो. चित्रं मी काढली होती, संगीत हरेशचं. हरेश उल्हासनगरचा, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवणारा. सहा आठवड्यांनी एका कॉलेजच्या हॉलमध्ये गेमचं प्रदर्शन होतं आणि ज्यांना ज्यांना आम्ही गेम खेळायला दिला, त्यांनी पाच मिनिटांत आवाज बंद केला. आवाज बंद केला की आमच्या गेममध्ये उरायचं काय, तर जिने उतरणारी एक मुलगी. दोन वर्षांची मेहनत अशी मुकी होताना बघून मला रडू यायचं.

राखणदाराचा आवाज तोवर हरेशनेच दिला होता. वेगळा माणूस हवा म्हणून मी काकांना विचारलं. काकांनी संवादांचे कागद मागून घेतले आणि दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, संवाद पाठ करून खाली उभे.

रेकॉर्डिंग हरेशच्या वडिलांच्या दुकानाच्या माळ्यावर व्हायचं. उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये त्यांचं पडद्याच्या कापडाचं दुकान आहे. माळ्यावर चहूबाजूंनी कापडाचे तागे रचलेले, त्यामुळे बाहेरच्या रिक्षांचा आवाज आत येत नाही. काका आत शिरले, ताग्यांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "ही तर विंगच आहे की." मग माइकसमोर छाती काढून उभे राहिले आणि गरजले, "मुली, थांब. हा आड तुझी परीक्षा पाहतो आहे."

भयंकर होतं ते. शेवटच्या रांगेसाठी इतकी वर्षं राखून ठेवलेला सगळा आवाज त्यांनी त्या माइकवर ओतला. हरेश कानांवरचे हेडफोन सैल करत म्हणाला, "बढ़िया अंकल," आणि माझ्याकडे बघायचं टाळलं. मुलीचे संवाद मी वाचत होते. तिसऱ्या प्रसंगात माझा कागद हातातून निसटला आणि मी अडले. मग शेजारून एक श्वास ऐकू आला आणि अगदी हळू, "डावी भिंत..."

हरेशने मान वर केली. "अंकल, ये क्या बोला आपने? फिर से बोलो ना, ऐसाच."

मलाही कळलं होतं. त्या कुजबुजीत परीक्षा नव्हती, दरारा नव्हता. तुला येतंय, फक्त आत्ता आठवत नाहीये, एवढाच भाव होता. आम्ही दोघं उत्साहाने बोलत सुटलो आणि काकांचा चेहरा उतरत गेला.

"म्हणजे पुन्हा विंगेतूनच," ते म्हणाले. हरेशच्या आईने पाठवलेला दाल पकवान तसाच ठेवून ते निघाले. आपण एका म्हाताऱ्या माणसाला बोलावून त्याचा जुना अपमान पुन्हा केला, असं माझ्या मनात आलं, आणि ते काही खोटं नव्हतं.

चार दिवस काका जिन्यातही भेटले नाहीत. पाचव्या दिवशी सकाळी दारात उभे, हातात संवादांचे कागद. राखणदाराची सगळी वाक्यं त्यांनी खोडली होती. प्रत्येकाचे पहिले दोन शब्द तेवढे ठेवलेले, आणि मध्ये लाल पेनने जागोजागी लिहिलेलं, 'थांबा'.

"काकूने तू दिलेला तो गेम लॅपटॉपवर खेळून बघितला," ते म्हणाले. "तुझा राखणदार आगाऊ आहे. पोरीला विचार करायच्या आत बोलतो. आम्ही असं केलं असतं तर नटाने विंगेत येऊन मारलं असतं. मेघना, अडल्याशिवाय शब्द द्यायचा नाही. आणि द्यायचे ते दोनच. पुढचं वाक्य ज्याचं त्याने म्हणायचं."

"तुम्हाला राग नाही आला ना, काका?"

"आला होता. मग काकू म्हणाली, लग्नाला चाळीस वर्षं झाली, तुमचा मोठा आवाज मी कधी ऐकला नाही, आता त्या लोकांना कशाला ऐकवताय?"

आम्ही गेम तसा बदलला. खेळणारा भराभर उतरत गेला तर राखणदार चकार शब्द काढत नाही. अडला, इकडेतिकडे बघू लागला की थोडं थांबून बोलतो, आणि दोनच शब्द. पण हरेशच्या ढोल आणि व्हायोलिनखाली ते दोन शब्द ऐकूच येईनात.

"पडदा वर जाताना वाजव ना हवं तेवढं," काका त्याला म्हणाले. "नंतर माणसाला ऐकू दे."

"अंकल, म्युझिक निकालेगा तो एकदम खाली लगेगा."

"खालीच लागायला पाहिजे. ती आडात आहे, वरातीत नाही."

हरेश दोन दिवस फुगून बसला. मग त्याने कुठूनसा एक जुनाट हार्मोनियम आणला आणि त्याचा एकच खालचा सूर ठेवला, तोही भात्याच्या हवेसकट. पायरीगणिक ती हवा थोडी वाढत जायची. त्या दिवसापासून आमचा आड खरोखर खोल झाला. काकांच्या शब्दाआधी जो श्वास येतो, तो हरेश कापून टाकणार होता. मी कापू दिला नाही.

प्रदर्शनाला काका तोच इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि आमच्या टेबलापाशी, खेळणाऱ्याच्या खुर्चीमागे उभे राहिले. बारा-तेरा वर्षांची एक मुलगी खेळायला बसली. भरभर उतरली आणि डाव्या भिंतीतल्या खिडकीपाशी अडली. वर गेली, खाली आली. काकांचे ओठ हलायला लागलेले मला दिसले आणि मी मनात म्हटलं, काका, आज नको. पण सवय कसली जाते? स्पीकरमधून आणि तिच्या पाठीमागून एकाच क्षणी आवाज आला, "डावी भिंत..."

मुलीने वळून बघितलं. मग स्क्रीनकडे, पुन्हा काकांकडे. "आजोबा, आतमध्ये तुम्ही आहात?"

"हो. मीच आहे," काका म्हणाले, इतक्या मोठ्याने की पलीकडच्या टेबलांवरची माणसं वळली. त्या हॉलच्या शेवटच्या रांगेपर्यंत नक्की पोचलं असणार. मुलीने मान डोलावली, डाव्या भिंतीतल्या खिडकीतून आत गेली, आणि तिने आवाज शेवटपर्यंत बंद केला नाही.

मागच्या वर्षी काका गेले. झोपेतच, काकूंना हाक न मारता. गेम अजून लोक खेळतात. कधी दुपारी काकू माझ्याकडे येऊन बसतात आणि म्हणतात, "लाव गं जरा." मी लावते. मला आडाची पायरी न् पायरी पाठ आहे, आणि अडल्याशिवाय ते काही बोलणार नाहीत. म्हणून डाव्या भिंतीपाशी मी मुद्दाम हात आवरते. काकू पदर सारखा करून बसतात. हार्मोनियमची हवा चालू असते. थोड्या वेळाने श्वास ऐकू येतो आणि काका दोन शब्द देतात. वाट समोर असते, पण आम्ही दोघी तिथेच पुन्हा अडून बसतो.