उरलेल्या विटांची खोली

वीट हातात घ्यायची, दुसरीवर हलकेच आपटायची आणि कान द्यायचा. खणखणीत वाजली तर नीट भाजलेली, बद्द वाजली तर कच्ची. दवाखान्याच्या धुलाईखात्यात तीस वर्षं चादरींच्या घड्या घालणाऱ्या बाईला खरं तर या विद्येशी काय देणंघेणं? पण गरज पडली की माणूस काहीही शिकतं, आणि आत्याची गरज अगदी साधी होती. तिला एक दार हवं होतं. स्वतःचं, आतून कडी लावता येईल असं.

आत्या ती भाचीची, पण म्हणायची सगळी गल्ली. लग्न दोनदा जमता जमता मोडलं, तिसऱ्यांदा तिनेच नाद सोडला. आईवडील गेल्यावर थोरल्या भावाकडे चार दिवस म्हणून आली ती राहिलीच. घर तीन खोल्यांचं. आतली दादा-वहिनींची, मधली अभ्यास करणाऱ्या भाचीची आणि बाहेरची सगळ्यांची. सगळ्यांची म्हणजे आत्याची. भिंतीला लागून तिची खाट, आणि दिवसभर त्या खाटेवर जो येईल तो बसायचा. पेपर वाचणारा दादा, भाजी निवडणारी वहिनी, वहिनीकडे गप्पा मारायला येणाऱ्या शेजारणी. एकदा आत्या तापाने फणफणली होती, तेव्हा भाचीच्या निकालाचं अभिनंदन करायला दोघंजण आले आणि तिच्या पायथ्याशी बसून चहा-बिस्किटं खाऊन गेले. आत्या पाय जवळ घेऊन भिंतीकडे तोंड करून पडली होती. जाताना ते म्हणाले, "बरं वाटतंय ना आता?"

तिला कोणी वाईट वागवत होतं असं मुळीच नाही. वहिनी आधी तिच्या ताटात वाढायची, मग स्वतःच्या. दादाचा तिच्यावर जीव होता. पण बाहेरच्या खोलीत आयुष्य काढलेल्या कोणालाही विचारा, जीव असणं वेगळं आणि जागा असणं वेगळं. घरात कडी लावता येईल असं तिच्यासाठी एकच दार होतं, न्हाणीघराचं. तिथेही पाच मिनिटांत हाक यायची, "आत्या, झालं का?"

मग तिने दवाखान्यात एक जागा शोधली होती. कोऱ्या चादरींची कोठी. जेवणाच्या सुट्टीत डबा संपवायचा, कोठीत शिरायचं, कडी घालायची आणि गठ्ठ्याला टेकून पाय लांब सोडून बसायचं. दहा मिनिटं. बरोबरीच्या बायकांना वाटायचं ती डुलकी काढते. डुलकीबिलकी काही नाही, टक्क जागी असायची. झोपेत ती दहा मिनिटं वाया घालवायला ती काय वेडी होती?

स्वयंपाकघराच्या मागे थोडी मोकळी जागा होती, कपडे वाळत घालायची. "तिथे तुझी खोली काढू," असं दादा अकरा वर्षांपूर्वी म्हणाला होता. आणि पुढे म्हणाला होता, "बघू." दादाचं हे बघू सगळ्या नात्यागोत्यात प्रसिद्ध. त्याच्या तोंडून बघू बाहेर पडलं की ते काम झालंच समजायचं, म्हणजे कायमचं राहिलंच.

अशात तिला ते आवार सापडलं. बसच्या शेवटच्या थांब्याच्या पुढे, बांधकामांवर उरलेल्या विटा निम्म्या भावात विकायचं. मालकाला लोक उरलासुरला म्हणायचे आणि तो त्या हाकेला खुशाल ओ द्यायचा. "बांधणारा नेहमी जास्त मागवतो," तो आत्याला म्हणाला, "आणि घर उभं राहिलं की त्याच विटा त्याच्या डोळ्यात खुपतात. मी उचलून आणतो. पण ढीग आहे तसा घ्यायचा, निवडून मिळणार नाही."

आत्या दोन विटा एकमेकींवर वाजवत म्हणाली, "निवडत नाहीये. ऐकतेय."

त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि कच्च्या विटा स्वतःच बाजूला काढायला लागला. तेव्हापासून चांगला माल आला की तो तिच्यासाठी राखून ठेवायचा. कधी शाळेच्या उरलेल्या विटा, कधी गोदामाच्या, कधी कुणा डॉक्टरांच्या बंगल्याच्या. दोन-तीन महिन्यांनी एक छोटा टेम्पो दारात यायचा आणि आत्या फाटकातून हाक मारायची, "दादा, वीट आली." दादा बाह्या वर सारत बाहेर यायचा आणि दर वेळी विचारायचा, "वीट आली की वीट आला?" सगळे हसायचे. आत्याही हसायची. चार वर्षं हाच विनोद, पण दादाला त्याचा कंटाळा म्हणून नव्हता.

ढीग वाढायचा आणि कमी व्हायचा. वहिनीला कपडे धुण्याच्या यंत्राखाली चार हव्या होत्या. भाचीला कुंड्यांखाली. समोरच्यांना स्कूटर चढवायला. दादाच्या खाटेचा एक पाय लटपटायचा, त्याखाली एक गेली. "दोनच घेते हं आत्या," असं म्हणत दोनाच्या दहा व्हायच्या. ती कधी नाही म्हणाली नाही, म्हणून पुढेपुढे कोणी विचारलंही नाही. कमरेएवढा झालेला ढीग गुडघ्यावर यायचा आणि आत्या पुन्हा आवाराची वाट धरायची.

सुट्टीच्या दिवशी ती मागच्या जागेत चार खुंट्या ठोकून सुतळी बांधायची. इथे खाट, इथे खिडकी, खिडकीतून शेजारच्यांचं झाड दिसेल. दाराची जागा मोकळी ठेवायची आणि त्या मोकळ्या जागेतूनच आत जाऊन उभी राहायची. एकदा ती तशी उभी असताना वहिनी ओल्या कपड्यांची बादली घेऊन आली आणि सुतळी ओलांडून सरळ आत शिरली. तिची काय चूक? तिला तिथे भिंत थोडीच दिसत होती. आत्याने बाजूला सरून तिला जागा दिली. त्या दिवशी आत्याला फार रडू आलं, पण घरात रडायला जागा नव्हती, म्हणून दुसऱ्या दिवशी कोठीत जाऊन तिने ते रडून घेतलं.

पुढच्या एका सकाळी ती मागे गेली तर ढीग घोट्याएवढा उरला होता. दादा नळाशी आरसा टेकवून दाढी करत होता.

"समोरच्यांची पायरी खचली," तो म्हणाला. "काल नेल्या त्यांनी विटा. म्हटलं, न्या, नाहीतरी पडूनच आहेत."

आत्या ढिगाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "दादा, मला वीट आला."

नळ सुरू होता. दादाला चार वर्षं जे ऐकायची सवय होती तेच ऐकू आलं. "आली? अगं मग आधी नाही का सांगायचं," असं म्हणत तो अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून फाटकाकडे धावला. आत्या बघत होती. त्याने रस्त्यावर इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, विटा घ्यायला दोन्ही हात तयार ठेवून तो थोडा वेळ उभा राहिला आणि परत आला.

"टेम्पो कुठाय?"

"टेम्पो नाही आला. 'वीट आली' नाही म्हटलं मी. 'आला' म्हटलं."

दादाच्या ओठांवर नेहमीचं हसू अर्धवट येऊन थांबलं. साबण गालावर वाळायला लागला होता. त्याने नळ बंद केला.

"कसला?" त्याने विचारलं.

हे तिला आजवर कोणी विचारलं नव्हतं, आणि उत्तर मात्र कधीचं तयार होतं. "छप्पन्न वर्षांची झाले. पाय पसरायचे तरी आधी बघावं लागतं, पायाशी कोणी बसलंय का. कडी लावून बसावंसं वाटलं तर दवाखान्यातल्या चादरींच्या कोठीत जाते."

"कोठीत? काय करतेस तिथे?"

"काही नाही. बसते."

दादा यावर बघू म्हणाला नाही. तोंड पुसून तो आतल्या खोलीत गेला, गुडघे टेकून खाटेखालची वीट ओढून काढली आणि ढिगावर आणून ठेवली. मग कुंड्यांखालच्या. मग वहिनीला हाक मारून दोघांनी मिळून ते यंत्र उचललं. आणि मग, ज्या माणसाने जन्मात कोणाकडे दिलेली छत्री परत मागितली नव्हती, तो समोरच्यांच्या दारात जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "विटा माझ्या नव्हत्या हो. बहिणीच्या होत्या. मी न विचारता दिल्या."

समोरच्यांनी विटा परत दिल्या. बोलावलेल्या मिस्त्रीने ढीग पाहून कपाळावर हात मारला. सगळ्या विटा वेगवेगळ्या मापाच्या. काही जाड, काही बारीक. "एका थरात बसायच्या नाहीत ताई," तो म्हणाला. पण शहाणा माणूस होता. त्याने त्या वेगळ्या करून घेतल्या आणि एकेका मापाचे वेगळे थर रचले. खाली गोदामाचे, वर शाळेचे, त्यावर बंगल्याचे. शेवटचे दोन थर कमी पडले तेव्हा आवारात आत्याबरोबर दादाही गेला. विटा तिने ऐकल्या, वाहिल्या त्याने.

खोली झाली. खाट, एक खुंटी, एक खिडकी आणि दार. पहिल्याच दुपारी आत्या आत गेली, कडी लावली आणि भिंतीला टेकून पाय लांब सोडून बसली. पलीकडे भांडी वाजत होती. मग पावलं आली, दादाची. आयुष्यभर ती जिथे असेल तिथे पावलं सरळ यायची. ही दाराशी येऊन थांबली.

दोनदा टकटक झाली. "चहा आणलाय," दादा बाहेरून म्हणाला. "येऊ का आत?"

आत्याने विटेला द्यायची तसा कान दिला. उठली मात्र नाही. तिला ते आणखी एकदा ऐकायचं होतं.