समुद्र निवला

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं.

बेंगळुरूच्या बनशंकरीत आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे अण्णा, अपार्टमेंटचे सेक्रेटरी, प्रत्येक बिघाडाचं खापर पॅसिफिक महासागरावर फोडत. इडली फुगली नाही तरी, "समुद्र तापलाय हो!" मग समजावत, "तो सावकाश तापतो, सावकाश निवतो. म्हणून दुष्काळ वर्षानुवर्षं रेंगाळतो. निवला की पाऊसही तसाच."

त्या टंचाईच्या उन्हाळ्यात झाडांना पाणी घालायला बंदी होती. मी पहाटे चोरून गच्चीवरच्या माझ्या कढीपत्त्यावर पाइप सोडला, आणि शेजारचं अण्णांचं पाऊस मोजायचं नळकांडं काठोकाठ भरलं.

सकाळी अण्णा पंचा सावरत आले. "समुद्र निवला! आता दोन-तीन वर्षं पाऊसच पाऊस!"

"अण्णा, समोरची गल्ली कोरडी आहे की," माझी बायको म्हणाली.

"अक्का, बेंगळुरूत पाऊस गल्ली बघूनच पडतो!"

त्यांनी घरोघरी म्हैसूरपाक वाटला आणि पाण्याचा टँकर परत पाठवला. मी दोन वड्या खाल्ल्या.

आठवडाभर कुणाची आंघोळ नाही. जिन्यात जो तो विचारी, "काय अण्णा, समुद्राची तब्येत कशी आहे?" अण्णांनी समुद्राचं नावच टाकलं.

शेवटी मी कबूल करायला वर गेलो. "अण्णा, तो पाऊस..."

"स्वल्प कमीच पडला," ते ओशाळून म्हणाले. "चुकलं माझं. कॉफी घेणार?"

मी त्यांच्याच कन्नडात "सरी", म्हणजे "बरं", म्हणालो, आणि माफीऐवजी साखर मागितली.