हिरामणभाऊंचं नाव आधी

पुरस्काराची बातमी फोनवर कळली आणि त्याच संध्याकाळी मी पुण्याहून जळगावचं तिकीट काढलं.

आधी थोडं सांगायला हवं. आमचं अभ्यासकांचं एक छोटं मंडळ आहे. आम्ही गुन्हेगारीचा अभ्यास करतो, पण गुन्हेगार कोणाला म्हटलं जातं आणि तसं म्हणायचा हक्क कोणाला मिळतो, हे तपासत. मंडळाचा पुरस्कार सभागृहात देत नाहीत. ज्यांच्याविषयी लिहिलं त्यांच्या अंगणात मानपत्र वाचायचं आणि विचारायचं, चालेल का? ते नाही म्हणाले तर पुरस्कार रद्द. माझा लेख पिंपळनेरजवळच्या एका वस्तीवर होता. आसपास कुठेही चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी तिथे येते. तो पुरस्कार मला मनापासून हवा होता आणि वस्ती हो म्हणेल याची खात्रीही होती.

जळगावला मंडळाच्या सचिव शैलाताई राहतात. त्यांच्याकडे भरीत आणि कळण्याची भाकरी खाल्ली. भरीत खायचं असेल तर थंडीतच जा. मोठी हिरवी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजलेली असतात आणि तो धुरकट वास हाताला दिवसभर राहतो. मग आम्ही दोघींनी धुळ्याची एसटी धरली. एरंडोल, पारोळा मागे टाकत रस्ता चांगला आहे, बायकांना तिकीटही अर्धं. शेजारच्या आजींनी मी काय करते ते विचारलं. मी सांगितलं, गुन्हेगारीशास्त्र शिकवते.

"म्हंजे चोऱ्या करना शिकाडस का व माय?"

"नाही आजी," शैलाताई म्हणाल्या, "न केलेल्या चोऱ्या कोणाच्या नावावर जातात, ते शिकवते."

"मंग बठ्ठास्ले शिकाड," आजी म्हणाल्या, म्हणजे सगळ्यांनाच शिकव, आणि शेंगांची पुडी पुढे केली.

धुळ्याच्या स्टँडसमोर शेवभाजी खाल्ली. तिखट सोसत नसेल तर आधीच सांगा. मी सांगितलं नाही आणि साक्रीपर्यंत पाणी पीत राहिले. साक्रीला गाडी बदलून पिंपळनेर. संध्याकाळी परतीच्या गाड्या कमी होतात, चौकशी करूनच पुढे जा.

वस्तीत बेबीअक्का आणि त्यांचे यजमान हिरामणभाऊ वाट बघत होते. माझा लेख मुख्यतः या दोघांवर आहे. एका दुकानफोडीत भाऊंना पकडलं, खटला चालला, कोर्टाने त्यांना निर्दोष सोडलं. लेखात मी त्यांना 'रामभाऊ' म्हटलं होतं. अभ्यासात आम्ही नावं बदलतोच, माणसांना त्रास होऊ नये म्हणून. मंडळाचा तो पहिला नियम आहे.

शैलाताईंनी मानपत्र वाचलं. वस्तीतली सगळी माणसं जमली होती. 'रामभाऊ' आलं तशी अक्कांनी मान वर केली.

"हाऊ रामभाऊ कोन?"

"भाऊच ते, अक्का. नाव बदललंय."

"कसाले?"

मी समजावलं. त्यांनी पुरतं ऐकून घेतलं.

"हाई देख माय. धरी लयी गयात तवय पेपरमा याचं पुरं नाव छापेल व्हतं. सुटना तवय कोनीच छापं नही. आन् तू चांगलं लिखं, ते तूबी नाव दपाडी टाकं!"

दपाडी टाकं. लपवून टाकलंस. माणसं हसली. मला हसता येईना.

"नाव आलं तर परत त्रास होईल," शैलाताई म्हणाल्या.

"व्हयना तेवढा कमी शे का?" इतका वेळ गप्प असलेले हिरामणभाऊ बोलले. "मनं नाव मव्हरे लिखा. मंग हिले काय द्यानं ते द्या." मव्हरे, म्हणजे पुढे, सगळ्यांत आधी.

शैलाताईंनी मानपत्राची घडी घातली. "नियम मला एकटीला मोडता येणार नाही. मंडळाला विचारते. तोपर्यंत पुरस्कार थांबला."

अक्कांनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. नागलीची भाकरी, उडदाची डाळ. "रुसनी का व?" त्यांनी मला विचारलं. नव्हते रुसले. कोणाला काय म्हणायचं हे ठरवायचा हक्क कोणाचा, हे इतकी वर्षं मंडळात पुस्तकी भाषेत ऐकत होते, ते पहिल्यांदा माणसाच्या तोंडून ऐकलं होतं, आणि ते बरोबर होतं.

पुण्याला येऊन मी मंडळाला लिहिलं : त्यांचं नाव येणार नसेल तर मला पुरस्कार नको, आणि नाव लपवायचं की नाही हे यापुढे ज्याचं त्याला विचारूया. बरेच वाद झाले. काही जण अजून नाराज आहेत. पण परवा आमचं वार्तापत्र आलं. सदस्यांच्या बातम्यांचं पान उघडलं आणि तसाच अक्कांना फोन लावला. त्यांनी तो भाऊंच्या हातात दिला.

मी वाचलं, "हिरामण दगडू सोनवणे, राहणार पिंपळनेर, यांना न्यायालयाने निर्दोष ठरवले आहे."

मी पुढचं, माझ्या पुरस्काराचं वाक्य वाचू लागले, तर त्यांनी थांबवलं.

"मव्हरेनं तुनं शे माय, ते तू वाचजो. मनं वाक्य आखो एकदाव वाच."

मी परत वाचलं. मागे अक्का कोणाला तरी हाका मारून बोलवत होत्या, म्हणून मग तिसऱ्यांदाही वाचलं, जरा मोठ्याने.