तीन (म्हणजे पाच)

राहीबाईच्या चक्कीला दोन फळ्यांचं पत्र्याचं दार आहे. डाव्या फळीवर गावात या आठवड्यात काय काय आहे ते लिहिलेलं असतं. उजव्या फळीवर मागच्या आठवड्यात जे झालं, त्याबद्दल राहीबाईला काय वाटलं ते. खडू मी पुरवते. तीस वर्षं शाळेत शिकवलं, घरातला खडूंचा खोका अजून संपत नाही. चोरी म्हणायची तर म्हणा.

आमचं गाव तेलंगणात, बेल्याजवळ. पलीकडे महाराष्ट्र, अलीकडे आम्ही, मध्ये कापूस. कापसाला करमणूक म्हणता येत नाही, म्हणून राहीबाईचं दार हवं असतं.

ही बेज्जूरकडच्या जंगलातून लग्न होऊन आली तेव्हा चौथी शिकलेली होती. नवरा लवकर गेला, चक्की राहिली. दळायला आलेली बाई पीठ होईपर्यंत एकच विचारायची, आज भजन कुठे, उद्या कुणाकडे काय. एकाच दिवशी तेच वीस जणींना सांगून राहीबाईची जीभ दुखली आणि तिनं दारावर लिहून टाकलं. त्याला वीस वर्षं झाली. लिहिते बोलते तसंच. पहिली दोन वर्षं मी ओला फडका घेऊन सुधारत होते, मग सोडून दिलं. मला दुसरी कामं होती.

दारावर प्रत्येक गोष्टीला दोन वेळा असतात. 'सोमवार. मारुतीच्या देवळात भजन. सहा (म्हणजे आठ). पेटीवाला नवा हाय. कानात घालाले कापूस घरून आनावा.' पहिली वेळ कार्यक्रम करणाऱ्यांची, कंसातली राहीबाईची. कंसातली कधी चुकत नाही. एकदा कुणी पुढारी येणार होता, तर तिनं लिहिलं होतं, 'सकाळी दहा (म्हणजे उद्या).' तो दुसऱ्या दिवशीच आला.

उजव्या फळीचं काय सांगू! 'विहारात हर्षदीप सरचं व्याख्यान. सर चांगले बोलतात, पन माइक त्यायच्या आधी बोलते.' 'सुधाकररावच्या पोराची वरात. नवरदेव खुश, डीजेवाला खुश. घोड्याले कोनी इचारलं नाई.' 'जे लोक कीर्तनात झोपतात तेच घरी झोप येत नाई म्हंतात. कीर्तन घरी ठेवा.' लोक चिडतात, महिनाभर दुसऱ्या गावी दळायला जातात, आणि परत येतात, कारण आपल्याबद्दल काय लिहिलंय ते तिकडे वाचायला मिळत नाही.

पंकज, तिचा मुलगा, आदिलाबादला मोबाइलच्या दुकानात आहे. तो म्हणाला, "आई, ग्रुप बनवून देतो, त्याच्यावर लिव."

"मोबाइलवरचं पुसत नाई कोनी," ती म्हणाली. "दारावरचं मी दर सोमवारी पुसतो. मानसानं आठ दिवसाच्या वर खरं ठेवू नये."

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. चक्कीवर माणूस रांगेत उभा राहत नाही, डबा राहतो. डबा ठेवला की नंबर लागला, तुम्ही घरी जा. तिनं चक्की सुरू केली आणि तुमचा डबा जागेवर नसला की नंबर गेला, मग तुम्ही तहसीलचे गिरदावर असा नाहीतर गिरदावराचे सासरे. हीच सवय गावभर पसरली. देवळात काही असलं की सकाळपासून पटांगणात दळणाचे रिकामे डबे येऊन बसतात. कुणाचा डबा कोणता, सगळ्यांना ठाऊक. पांडुरंगरावांनी तर आपल्या डब्यावर रंगानं नाव काढून घेतलंय आणि खाली 'माजी उपसरपंच'. मयतीला तेवढे डबे ठेवत नाहीत.

तर या संक्रांतीनंतरच्या रविवारी बायकांच्या बचत गटाचा, म्हणजे आमच्याकडे ज्याला सगळे संघमच म्हणतात त्याचा, कार्यक्रम ठरला. शाळेतली सुवर्णा मॅडम अध्यक्ष. आदिलाबादहून एक पाहुण्या बाई येणार, त्यांना पाचची बस गाठायची, म्हणून वेळ दुपारी तीन. हळदीकुंकू, दोन गाणी, आणि शेवटी भाग्यलक्ष्मीच्या नकला.

भाग्यलक्ष्मी ही राहीबाईची सून, पंकजची बायको. दोन वर्षांत या मुलीचा आवाज मी फारसा ऐकलेला नव्हता. खाली मान घालून पीठ भरायची. ही नकला करते हे कळलं तेव्हा मी म्हटलं, चला, या मुलीच्या अंगात काहीतरी आहे.

गुरुवारी राहीबाई माझ्या ओसरीवर आली. भुवयांवर पीठ, चेहरा आंबट.

"बाई, मायी सून मले करून राह्यली."

"म्हणजे काय? नीट सांग."

"मी चक्कीत, अन् मायाच आवाज न्हाणीतून येते. 'कोनाचा डबा वं हा!' मी तं तोंडही उघडलं नवतं! आठ दिवस झाले, रोज न्हाणीत उभी राहून मायी नक्कल करते."

"बरं आहे की. वीस वर्षं तू सगळ्या गावाची करतेस."

"मी लिवतो. लिवनं वेगळं, करून दाखोनं वेगळं."

"काय वेगळं?"

"लिवलेलं वाचाले मानसं एकएक येतात. हे सारे एका टायमाले हासतीन. मायाकडे पाहून हासतीन, बाई. उद्यापासून मी कोनाले म्हटलं, डबा सरकव, तं त्याले हासू येईन. मंग चक्की कशी चालवू?"

मी म्हटलं, सुनेला नको म्हणून सांग. तर म्हणे, तेही नको, म्हणजे राहीबाई घाबरली असं होईल. मग काय करणार, विचारलं तर पदर झटकून निघून गेली. माझ्या ओसरीवर पीठ सांडून.

शुक्रवारी खडू द्यायला गेले तर डाव्या फळीवर लिहिलं होतं, 'रविवार. संघमचा कार्यक्रम. देवळाचं पटांगन. तीन (म्हणजे पाच).'

"राही, हे पाच कुठून आले? पाहुणीची बस पाचला आहे."

"बस म्हंजे सात," ती म्हणाली आणि उगीचच पट्टा तपासायला लागली.

मी समजले. सुवर्णानं घरोघरी तीनच सांगितले होते. दारानं पाच सांगितले. गाव कुणाचं ऐकणार हे काय सांगायला हवं? पाचपर्यंत कार्यक्रम आटोपलेला असणार, पाहुणी बसमध्ये, आणि राहीबाईची नक्कल कुणीच पाहिलेली नाही. मी जाऊन सुवर्णाला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. काय होतं ते मलाही पाहायचं होतं. वय झालं की माणूस आपोआप चांगला होतो, असं ज्याला वाटतं त्यानं मला भेटावं.

रविवारी तीनला पाच मिनिटं कमी असताना मी पटांगणात पोचले. सात रांगांत एक्याण्णव डबे. मी मोजले, कारण दुसरं पाहायला काही नव्हतं. स्टेजवर पाहुण्या बाई, माइकजवळ सुवर्णा, पडद्याआड भाग्यलक्ष्मी. आणि पहिल्या रांगेत आपल्या डब्यावर राहीबाई.

"तू आलीस कशाला मग?" मी विचारलं.

"पाह्यलं नाई तं लिवू काय?"

सुवर्णा रडायच्या बेतात. "बाई, लोक कुठं आहेत हो? संघमच्या बायकासुद्धा नाहीत. फोन लावला तर म्हणतात, मॅडम, दारावर पाच आहे."

पाहुणीनं मला हळूच विचारलं, "हे डबे कसले?"

"प्रेक्षक," मी म्हटलं.

तिनं घड्याळ पाहिलं, उभी राहिली आणि "उपस्थित माता-भगिनींनो" अशी डब्यांकडे पाहून सुरुवात केली. बोलली चांगली. डब्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. पेटीवाला आणि गाणाऱ्या पोरी पाचला येणार होत्या, त्यामुळे गाणी गेली. सुवर्णानं थेट भाग्यलक्ष्मीचं नाव पुकारलं.

मुलगी बाहेर आली. राहीबाईचं जुनं हिरवं लुगडं नेसलेली, भुवयांना पीठ लावलेलं. समोर पाहिलं आणि एक पाऊल मागे सरकली. इतके दिवस न्हाणीत आवाज तयार केला, आणि समोर हे पत्र्याचं गाव. एकदा सासूकडे पाहिलं. सासू आभाळाकडे पाहत होती. मला वाटलं, आता ही आत पळणार.

पळाली नाही. स्टेजवरून खाली उतरली, कमरेवर हात ठेवले आणि पहिल्याच डब्याला लाथ मारल्यासारखं करून ओरडली,

"कोनाचा डबा वं हा? मधात कोनं ठेवला? पांडुरंगराव! माजी उपसरपंच! बाप्पा, नाव येवढं मोठं अन् जवारी येवढीशी?"

हुबेहूब! माझा चष्मा नाकावरून घसरला. ती डब्यांच्या रांगांतून चालत निघाली. "विमलबाई, गहू निवडून आनत जा, मायी चक्की हाय, खडी फोडाची मशीन नाई. सुधाकरराव, दयन म्हटलं तं दोन पायल्या, नंबर म्हटलं तं पयला!" पाहुणी तोंडाला पदर लावून हसत होती. मी तर उघड हसत होते. राहीबाई ताठ बसलेली, फक्त पायाचा अंगठा मातीत काहीतरी खरडत होता.

मग भाग्यलक्ष्मीनं हवेतच खडू धरला, हवेतलं दार ओल्या फडक्यानं पुसलं आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचायला लागली, "बुधवार. सुनेनं केलेलं पिठलं. बारा, म्हंजे दोन. पिठलं लय चांगलं झालं. पन तिले सांगू नका, नाईतं उद्या पन चांगलं करीन अन् मले बोलाले काई राह्यनार नाई."

"थांब!" राहीबाई उठलीच. "थांब वं पोरी! याच्या पुढं एक शब्द बोलू नको!"

भाग्यलक्ष्मी पिठाखालीसुद्धा पांढरी झालेली दिसली. राहीबाई पदर खोचून तरातरा पटांगणाबाहेर. मी पाठोपाठ गेले, गुडघे दुखत होते तरी.

"राही, अगं लेकराला असं..."

"येवढं चांगलं करून राह्यली ते," राहीबाई चालता चालता म्हणाली, "अन् पाहाले कोन? डबे! डबे हासतात का, बाई? काऊन केलं मी असं?"

चक्की आता विजेवर चालते, पण जुनं डिझेल इंजिन कोपऱ्यात आहे, वीज गेली की लावायला. त्याच्या धुराड्यावर पत्र्याची वाटी बसवलेली. इंजिन चाललं की ती वाटी कुक कुक कुक करते आणि अर्ध्या कोसावर शेतात असलेल्याला कळतं की राहीबाईनं दळायला घेतलं. तिनं चक्कीत शिरून पट्टा न चढवता नुसतं इंजिन फिरवलं.

कुक, कुक, कुक.

पुढचं दृश्य मी सांगून तुम्हाला पटणार नाही. रविवारची दुपार, कार्यक्रमाला अजून वेळ आहे म्हणून लोळत पडलेलं गाव, त्यात चक्की सुरू झालेली, आणि डबे? डबे देवळात! नंबर जाणार! दार उघडून माणसं धावत सुटली. पांडुरंगराव एका पायात चप्पल घालून. विमलबाई कणकेच्या हातानं. सुधाकरराव तर दाढीचा साबण अर्ध्या गालावर ठेवून. सगळे पटांगणात शिरले आणि आपापल्या डब्यावर वाकले, तर पटांगणाच्या दारात चक्कीवरून परत आलेली राहीबाई उभी.

"बसा! दयन नाई. नकला हायेत. तीन म्हंजे तीनच होते. बसा म्हंतो ना!"

बसले. एक्याण्णव डब्यांवर एक्याण्णव माणसं आणि कडेला उभी राहिलेली वेगळी.

"आता कर," राहीबाई सुनेला म्हणाली. "पयलेपासून."

तिनं केलं. पहिल्या वाक्याला सगळ्यांनी हसण्याआधी राहीबाईकडे पाहिलं. राहीबाई ओरडली, "हात कमरेवर नाई वं! एक हात पदरावर! मी कवा दोनी हात कमरेवर ठेवतो?"

"आत्याबाई," भाग्यलक्ष्मी राहीबाईच्याच आवाजात म्हणाली, "तुमी दार लिवता तवा मी मधात बोलली का?"

मग काय, डबे वाजायला लागले. राहीबाई हसली. हसताना तिच्या भुवयांवरचं पीठ मांडीवर पडत होतं. पांडुरंगराव स्वतःच्या नकलेला सगळ्यांत मोठ्यानं हसले, म्हणजे ती त्यांना कळली नव्हती.

पाहुणीनं पाचला घड्याळ पाहिलं आणि परत पदर तोंडाला लावला. बस पावणेसातला आली. घ्या.

सोमवारी मी खडू घेऊन गेले तेव्हा उजव्या फळीवर लिहून झालं होतं. 'रविवार. संघमचा कार्यक्रम. तीन म्हंजे तीन होते. पाच मी लिवले. मुद्दाम लिवले. नक्कल चांगली. आवाज मायापेक्षा बारीक हाय, पन होईन मोठा.'

या गोष्टीला आता चौथा आठवडा लागला. डावी फळी दर सोमवारी पुसली जाते, नवं लिहिलं जातं. उजवी तशीच आहे. मी काल विचारलं, "राही, हे आठ दिवसांच्या वर कसं काय राहिलं?"

"खडू संपला," ती म्हणाली आणि आत गेली.

पुसायला खडू लागत नाही, आणि माझा अख्खा खोका तिच्या खिडकीत होता. आत पीठ भरता भरता कुणाला तरी दटावत होती ती भाग्यलक्ष्मी की तिची सासू, हे मला बाहेरून कळेना. मी घरी आले.