नवसागराची वरची चिमूट

शिरपूरच्या बसस्टँडमागच्या गल्लीत कस्तुरचंदांचं किराणा दुकान आहे आणि दुकानाला लागूनच घर. थांबणं म्हणजे काय, हे या माणसाला ठाऊक नाही. गिऱ्हाईक तोंड उघडेपर्यंत यांची साखर तराजूत पडलेली असते. गावाला याची गंमत वाटते. घराला वाटेनाशी झाली ती जिनलच्या लग्नापासून. भाईंदरचं स्थळ सकाळी कळलं आणि दिवेलागणीच्या आत यांनी शब्द देऊन टाकला. वर्ष भरायच्या आत लेक परत आली. का आली ते तिनं सांगितलं नाही, आणि विचारायची यांची छाती झाली नाही.

जिनल आता जवळच्याच तालुक्याच्या गावी, मालेगावच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. यंदा तिनं बैठकीत काचेची मोठी टाकी आणून मांडली, आणि तीही खाऱ्या पाण्याची. समुद्र शेकडो कोस लांब, आणि ही बाई पाकिटातलं समुद्री मीठ पाण्यात कालवत बसली. लोक मुद्दाम पाहायला आले. भाईंदरच्या इमारतीखाली एका दुकानात अशी टाकी होती, भाजीला जाताना आपण तिच्यापुढे उभं राहायचो, तेवढाच वेळ बरा जायचा, असं ती आईला एकदा बोलली होती.

त्याच सुमारास रिसोडचं स्थळ आलं. बिजवर, पण माणूस शांत, घर ओळखीतलं. कस्तुरचंदांचे पाय जमिनीवर ठरेनात. जिनलनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "या टाकीत मासा सोडीन, त्याच्यानंतर सांगीन. तवर विषय काढू नका."

एवढंच ना, म्हणून कस्तुरचंद खूश झाले. पाणी भरलंय, खडक मांडलेत, पंप चालू आहे. मासा काय, आज आणता येईल. पण जिनलनं समजावलं. माशाच्या घाणीचा अमोनिया होतो आणि त्यानं माशाचे कल्ले जळतात. तो अमोनिया खाणारे जंतू आधी त्या खडकांत वसावे लागतात, मग त्यांनी केलेली घाण पचवणारे दुसरे जंतू. त्याला आठवडे जातात. तोवर टाकी रिकामीच ठेवायची.

"मंग ते जंतू जगतीन कायच्यावर?" तिच्या आईनं, धापूबाईंनी विचारलं.

"लोक एक कोळंबी टाकून देतात, सडायले."

धापूबाईंनी लेकीकडे नुसतं पाहिलं. कोळंबीचा विषय तिथंच संपला.

"दुसरंबी हाय," जिनल म्हणाली. "अमोनियम क्लोराईड."

"नवसागर म्हन ना!" कस्तुरचंद उठलेच. कल्हईवाले गावात यायचे तेव्हापासूनचा त्यांच्या दुकानात नवसागराचा डबा होता. जिनलनं आपल्या मापानं तुरीच्या दाण्याएवढा टाकला आणि पुन्हा सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही, असं बजावलं.

घरात सगळ्यात सुखी धापूबाई होत्या. पाणी गाळून, उकळून पिणारं हे घर, आणि बैठकीत मुद्दाम जीव वाढवायला ठेवलेले. आधी त्यांना ते पटलं नाही. मग त्यांनी ठरवलं की आपणच बोलावलेत, तर ते उपाशी राहता कामा नयेत. त्या टाकीजवळून हळू चालायच्या.

कस्तुरचंदांची मात्र दशा झाली. दुकानातून उठून बैठकीत, बैठकीतून दुकानात. जिनल नळीत पाणी घेऊन थेंब टाकायची आणि रंग बघायची. पिवळा आला म्हणजे अमोनिया संपला, हिरवा म्हणजे आहे. रोज हिरवा. तिकडून रिसोडचे फोन करून विचारायचे, काय ठरलं? आजकालात सांगतो, म्हणून हे वेळ मारून न्यायचे. नळीतला हिरवा रंग त्यांच्या स्वप्नात यायला लागला होता. जेवण गोड लागेना. चांगला माणूस हातचा जाईल, लेक अशीच राहील, आणि आपण काचेतल्या पाण्याकडे बघत बसू, ही भीती त्यांना टोचत होती.

शेवटी एका रविवारी ते कुणाला न सांगता अकोल्याला गेले आणि मासा घेऊनच आले. नारिंगी अंग, पांढरे पट्टे, थर्माकोलच्या डब्यातून काढलेल्या फुगवलेल्या पिशवीत गरागरा फिरणारा.

"सोड याले," ते म्हणाले. "पानी पाह्य कसं आरस्यासारखं हाय."

जिनलनं पिशवी बाजूला ठेवली. तिनं नळी भरली, थेंब टाकले. पाणी गर्द हिरवं झालं, पहिल्या दिवशीपेक्षाही गर्द. तिनं नळी त्यांच्यापुढे धरली.

"पप्पा, तुमी यात काही टाकलं?"

"नवसागर. येता जाता चिमूटभर." त्यांचा आवाज खाली आला. "कोरं माप म्या कोनाले देलं नाई कधी. वरची चिमूट असतेच. म्हनलं, खायले जास्त असलं तं लवकर वाढतीन."

"जास्त झालं की ते जंतूच दबतात. मासा सोडला असता तं मेला असता." तिनं पिशवी उजेडात धरली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मले बी असंच सोडलं होतं तुमी. पानी न पाहता."

कस्तुरचंद खाली बसले. दुकानात कुणीतरी हाका मारत होतं. ते उठले नाहीत. इतक्या दिवसांत न विचारलेलं त्यांनी आत्ता विचारलं, "तिथं काय झालं होतं, बेटा?"

"सांगीन. आज नाई."

दुसरा कुठला दिवस असता तर त्यांनी आत्ताच सांग म्हणून धरून ठेवलं असतं. ते उठले, पिशवी पुन्हा डब्यात ठेवली आणि अकोल्याला परत निघाले. मासा दुकानदाराच्या पाण्यात जिवंत पोचला पाहिजे, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

डबा मांडीवर घेऊन ते बसमध्ये बसले. मेडशीच्या पुढे फोन वाजला. रिसोडचेच होते. आता तरी हो म्हणा, आम्हाला दुसरीकडेही बघावं लागेल, असं म्हणत होते.

हो म्हणून टाकायला त्यांचं तोंड उघडलंच होतं. डब्याच्या आत पाणी डुचमळलं. त्यांनी एका हातानं डबा छातीशी धरला.

"मले नका विचारू," ते म्हणाले. "तिचं ती सांगन."

"पण कधी?"

"ते मले मालूम नाई," कस्तुरचंद म्हणाले. "तुमाले थांबनं होत नसंन तं दुसरीकडं पाहा. मी थांबतो."