पारायणाचे उरलेले तीन दिवस

माझा देवावर विश्वास होता, पण त्याहून अधिक विश्वास नियमांवर होता. डोंबिवलीच्या एमआयडीसीत, रसायनांच्या कारखान्यात पस्तीस वर्षं काढली, तीही सुरक्षा विभागात. नियम मोडणाऱ्याला मी सरळ गेटबाहेर उभा करायचो, आणि घरी देवालाही जवळपास त्याच शिस्तीत ठेवलं होतं. बायको चिडवायची, "अहो, एक दिवस देवसुद्धा तुमच्यासमोर हेल्मेट घालून बसेल." मी हसण्यावारी न्यायचो.

दोन वर्षांपूर्वी तिला ताप येऊ लागला. लहानपणीच्या सांध्यांच्या तापाने तिच्या हृदयाची एक झडप अधू झाली होती, पण ती कधी कुरकुरली नाही म्हणून ते दुखणं आम्ही विसरूनच गेलो होतो. एक दाढ काढली आणि पंधरवड्याने ताप सुरू झाला. केमिस्टकडून गोळ्या आणल्या, ताप उतरला. गोळ्या संपल्या, ताप परतला. असं तीनदा झालं. दीड महिन्यात ती निम्मी झाली. अधू झडपेचं कुणाच्या कानावर घालावं, हे मला एकदाही सुचलं नाही. त्याची लाज आजही वाटते.

शेवटी घराजवळच्या छोट्या इस्पितळात तिला दाखल केलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी छातीला तपासायची नळी लावली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "झडपेचा त्रास आहे का? अलीकडे दात काढला होता?" मग औषध सुरू करण्याआधी त्यांनी थोड्या थोड्या वेळाने तीनदा रक्त काढून घेतलं. बायको तापाने फणफणलेली आणि या बाटल्या भरत बसल्यात, म्हणून मी आवाज चढवला. त्या शांतपणे म्हणाल्या, "काका, औषध आधी दिलं तर जंतू दडी मारतात. शत्रू कोण ते आधी कळू दे." माझ्यासारख्या सुरक्षावाल्याला हे पटायला हवं होतं. पण घाबरलेल्या माणसाला काही पटत नाही.

त्याच सकाळी मी संकल्प सोडला. दत्ताच्या पोथीचं सात दिवसांचं पारायण. सप्ताह पुरा होईपर्यंत वाचनात खंड पडू द्यायचा नाही आणि गावाची शीव ओलांडायची नाही, हे आमच्या घरचे पिढीजात नियम. इस्पितळाच्या जिन्याखाली दत्ताची एक छोटी देवळी होती, तिच्यासमोर बसून मी रोज सकाळी वाचायचो. एक म्हाताऱ्या बाई जरा अंतरावर भिंतीला टेकून ऐकत असत. खाडीकाठच्या कुठल्याशा गावच्या, नवरा वरच्या मजल्यावर दाखल होता. यापलीकडे आमची ओळख नव्हती.

चौथ्या दिवशी वाचन आटोपून पोथी बांधत होतो, तोच डॉक्टरीणबाई जिना उतरून आल्या. रक्तात जंतू सापडले होते. सोनोग्राफीत झडपेवर त्यांचा गोळा बसलेला दिसला होता. "औषध इथेही देता येईल," त्या म्हणाल्या, "पण झडप फाटली तर त्याच घटकेला सर्जन लागेल, आणि तेव्हा हलवायला वेळ मिळणार नाही. ठाण्यात हृदयाचे डॉक्टर, सर्जन आणि जंतुसंसर्गाचे डॉक्टर एकत्र बसून अशा पेशंटचं ठरवतात. माझं बोलणं झालंय. आजच निघा."

आणि मी विचारलं, "तीन दिवस थांबलं तर चालेल का?"

कारखान्यात भोंगा वाजल्यावर हातातला चहा संपवत बसलेल्या माणसाला मी कधी माफ केलं नव्हतं. त्या दिवशी तो माणूस मीच होतो. संकल्प मोडला तर तिचं काही बरंवाईट होईल, या भीतीने माझे पायच उचलत नव्हते.

तेवढ्यात भिंतीजवळच्या त्या बाई उठून आल्या. "दादा, तू बायकोला घेऊन जा. पुढची पोथी मी वाचीन. खंड नाय पडू द्यायची."

आमच्या घरी ही पोथी बायका वाचत नसत. हाही नियमच. पण त्या बाईंनी दोन्ही हात असे पुढे केले, की मी निमूटपणे पोथी त्यांच्या ओंजळीत ठेवली आणि जिना चढलो.

अँब्युलन्स माणकोलीच्या पुलावर चढली, खाली खाडी दिसली, आणि शीव मागे पडली. मी डोळे मिटून घेतले. माजिवड्याच्या पुढे ठाण्याच्या इस्पितळाच्या दारात माणसं तिचं नाव घेऊन उभी होती. रक्ताचे रिपोर्ट आधीच पोचले होते, कोणतं औषध किती द्यायचं ते ठरलं होतं. कुणी कुणाला विचारत नव्हतं, प्रत्येकाला आपलं काम ठाऊक होतं. इतकी माणसं माझ्या एका माणसासाठी एकदिलाने हलताना पाहून मला भरून आलं. गाभाऱ्यात उभं राहिल्यावर जे वाटतं, ते मला त्या कॉरिडॉरमध्ये वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास तिला श्वास घेता येईना. झडप फाटली होती. तासाभराच्या आत तिला ऑपरेशनला नेलं. संध्याकाळी सर्जन बाहेर आले आणि एवढंच म्हणाले, "काल आलात, म्हणून हाताला लागल्या." मी मनातल्या मनात दिवस मोजले. पारायणाचा तो पाचवा दिवस होता.

सहा आठवडे शिरेतून औषध चाललं. ती स्वतःच्या पायांनी घरी आली. मग मी पोथी आणायला आणि त्या बाईंचे पाय धरायला डोंबिवलीच्या त्या इस्पितळात गेलो. त्या केव्हाच नवऱ्याला बरा करून गावी गेल्या होत्या. सिस्टरने कपाटातून स्वच्छ फडक्यात बांधलेली पोथी काढून दिली. "तिन्ही दिवस बसल्या हो काका. सकाळी अंघोळ करून, उपाशीपोटी."

"मोठ्याने वाचायच्या का?" मी विचारलं.

सिस्टरने कपाट लावलं. "त्यांना कुठे वाचता येतं? नवऱ्याच्या कागदावर माझ्यासमोर अंगठा उठवलाय त्यांनी. पोथी उघडायच्या, एकेका ओळीवरून बोट फिरवायच्या आणि पान उलटायच्या. मी म्हटलं, आजी, हे काय? तर म्हणाल्या, ज्याची पोथी हाय, त्याला तर वाचता येतंय ना."

मी तिथेच जिन्याच्या पायरीवर बसलो. इतकी वर्षं एकही अक्षर न चुकता वाचलं होतं मी.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. तिने पोथी कपाळाला लावली. मग म्हणाली, "अहो, तुमच्या हातून सुटली म्हणून पुरी झाली." मी देवापुढे डोकं टेकलं, आणि पहिल्यांदाच काही मागायचं राहिलं नाही.