आधीच कोरलेलं पदक

आमच्या चारुदत्त निगुडकरचा एक गुण मानलाच पाहिजे. साखरपुडा व्हायच्या आत तो बारशाचं आमंत्रण देऊन मोकळा होतो. मूळचा खडकीचा, नोकरी सिंगापुरात, बुओना व्हिस्टाला, कॉम्प्युटरची. तरुणपणी हॉकी खेळायचो म्हणतो. कुठल्या जागी, ते दर वेळी बदलतं. त्याची बायको नीता म्हणते, "बाकावर."

२०१० साली सिंगापूरला युवा ऑलिंपिक आलं आणि यजमानांच्या हॉकी संघात टॅम्पिनीसच्या मीनलचा क्षितिज गोलरक्षक म्हणून निवडला गेला. मग काय! जन्मात स्टिक न धरलेली माणसं मेथी निवडता निवडता पेनल्टी कॉर्नरवर बोलू लागली.

"घरच्या मैदानावर पदक नाही म्हणजे काय?" चारुदत्त गरजला.

"काका, सोळा-सतरा वर्षांची पोरं आहेत हो," मीनल म्हणाली. "समोरचे देश तरी बघा."

"तू गप्प बस गं. आईला धाकधूक असायचीच."

त्याने आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या याहू ग्रुपवर गणपतीतला सत्कार जाहीर करून टाकला. शाल, श्रीफळ आणि पुण्याहून मागवलेलं पितळी सन्मानचिन्ह. त्यावर एकही सामना होण्याआधीच कोरून घेतलं होतं, 'पदकविजेता चि. क्षितिज'.

पदक मिळालं नाही. सेंगकांगच्या स्टेडियमवर मीही झेंडा घेऊन गेलो होतो. सेरंगूनला मुलाच्या घरी परतल्यावर ग्रुपवर लिहिलं, "गोलाला जाळं होतं म्हणून चेंडू कुठेतरी अडला." धडाधड हसरी उत्तरं आली. मीनलही त्या ग्रुपवर आहे, हे मला नंतर आठवलं. चारुदत्तने एक ओळ टाकली, 'वेळेअभावी सत्कार रद्द.'

तरी गणपतीत मीनल क्षितिजला घेऊन मंडळाच्या आरतीला आली. पोरगा मान खाली घालून झांजा वाजवत होता. आवराआवरीत खोकी उचलताना एकात त्याला ते चिन्ह सापडलं. रविवारच्या मराठी वर्गात तो स्वतःचं नाव वाचण्यापुरतं शिकला होता.

"अंकल, धिस इज माय नेम, लाह! आधी काय लिहिलंय?" त्याने सिंगापुरी ढंगात विचारलं.

चारुदत्तने माझ्याकडे पाहिलं. मी मखराकडे.

"गोलरक्षक," तो म्हणाला. "म्हणजे गोलकीपर. हो ना, अप्पा?"

मी मान हलवली. एवढी बडबडणारी ही जीभ, पण हलवली ती मानच.

"वुई लॉस्ट," क्षितिज हळूच म्हणाला, "तरी माझ्यासाठी केलं?"

"तुझ्यासाठीच, बाळा," चारुदत्त म्हणाला.

महिनाभरात पोरगा पहिल्यांदा हसला असावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चारुदत्तकडे चहाला गेलो होतो, तेव्हा मीनल आली. तिने टेबलावर कापडी पिशवी ठेवली. आत काय, ते विचारावं लागलं नाही.

"उशाशी घेऊन झोपला होता," ती म्हणाली. "आज स्काईपवर आजीला दाखवणार होता. तिला मराठी वाचता येतं. म्हणून त्याआधी मलाच त्याला सांगावं लागलं."

"काय म्हणाला?" चारुदत्तने विचारलं.

"काही नाही. स्वतःच पिशवीत घालून दिलं."

"बस ना, चहा घे," नीता म्हणाली. मीनल बसली नाही. दारापर्यंत जाऊन वळली.

"काका, तुम्ही त्याला जे वाचून दाखवलंत, तेवढंच कोरलं असतं तर? गोलरक्षक तो होताच की."

ती गेली. नीताने थंड झालेले कप उचलून नेले, तरी आम्ही दोघं त्या पिशवीसमोर तसेच बसून होतो. पिशवीला हात लावायची हिंमत कोणालाच होईना.